मी नुसते मणी मोजले

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत मला 'दहीवाले साहेब' म्हणतात. निवृत्त माणसाला याहून वाईट नावं पडतात, म्हणून मी तक्रार करत नाही. पण खरं सांगायचं तर मी आयुष्यात वाटीभर दही विकलेलं नाही, आणि घरचं विरजण लावायची परवानगी मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काढून घेण्यात आली, ती अजून परत मिळालेली नाही. मी सांभाळले ते दह्यातले जंतू. पगार त्याचाच घेतला.

जंतू म्हटलं की लोक हात धुवायला उठतात. हल्ली बरं आहे, टीव्हीवर पांढरा कोट घातलेली बाई येऊन सांगते की पोटात चांगले जंतूही असतात, ते पचनाला मदत करतात, जुलाब झालेल्या पोराला सावरतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हेच जळगावात सांगत फिरायचो, तेव्हा लोक विचारायचे, साहेबांना ऊन लागलं का?

ऊन हाच खरा मुद्दा होता. आमच्याकडे मे महिन्यात लोखंडी कडीला हात लावून दार उघडता येत नाही. अशा गावात मला जिवंत जंतू पुडीत भरून विकायचे होते.

मी ज्या कारखान्यात होतो तिथे ज्वारी-नाचणीचं सत्त्व तयार व्हायचं, लहान मुलांसाठी. मालक राजस्थानातून आलेल्या जैन कुटुंबातले. त्यांना सगळे काकाजी म्हणत. पांढरं धोतर, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि धंद्याची नजर अशी की पोत्यात हात घालून ज्वारी कुठल्या तालुक्यातली ते सांगायचे. सत्त्वात दह्याचे जंतू घालावेत ही कल्पना माझी. गुजरातेत एका चर्चासत्राला गेलो होतो, तिथून ती घेऊन आलो. लोक तिथून फरसाण आणतात.

पहिला प्रयोग सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगतो. मोठ्या मेहनतीने वाढवलेले, वाळवलेले जंतू मी भट्टीतून नुकत्याच निघालेल्या सत्त्वात स्वतःच्या हाताने कालवले. सत्त्व वाफाळत होतं. मी पुड्या भरल्या, शिक्के मारले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तपासलं तर एक जीव शिल्लक नव्हता. दह्याच्या जंतूला भट्टीतून काढलेल्या पिठात घालायचं नसतं, हे कुठल्याही बाईने मला सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

दुसरा प्रयोग थंड सत्त्वात केला. पण पुड्या ठेवायच्या कुठे, तर पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. महिनाभरात तिथेही सगळे गेले. तेव्हा मी काकाजींना सांगितलं की जंतूंना कवच घालावं लागेल.

"कवच म्हणजे?"

"एक एक थेंब घ्यायचा, त्यात जंतू. त्या थेंबाभोवती जाळी विणायची. ऊन, हवा, पोटातलं आम्ल यांचा थेट मारा होत नाही. आतड्यात गेलं की जाळी सुटते, जंतू बाहेर."

काकाजींनी माळेचे दोन मणी ओढले. "साहेब, एक विचारू? बॅक्टेरिया म्हणजे जीवच ना?"

"जीवच."

"मागच्या वेळी तुम्ही भट्टीच्या मालात घातले. किती होते?"

"कोटींनी होते, काकाजी."

त्यांची माळ थांबली. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याला सूक्ष्मजीवांसाठी खरोखर दुःखी झालेलं पाहत होतो. मग म्हणाले, "आणि हे कवच घातलं तर मरणार नाहीत?"

"मरू नयेत म्हणूनच कवच."

"फिर करो. हे जीवदयेचंच काम झालं."

अशी मंजुरी मिळाली. शास्त्रीय कारणासाठी मंजुरी मिळालेला प्रकल्प मी अजून पाहिलेला नाही.

कवच करायची कृती बाहेरच्या माणसालाही कळेल इतकी साधी आहे. समुद्री शेवाळापासून काढलेली एक पूड मिळते. ती पाण्यात कालवली की डिंकासारखं चिकट पाणी होतं. त्यात जंतू मिसळायचे. दुसऱ्या भांड्यात कॅल्शियमच्या क्षाराचं पाणी. चिकट पाण्याचा थेंब त्या पाण्यात सोडला की तो तिथल्या तिथे घट्ट होतो, छोटासा मणी बनतो, आणि जंतू त्यात कैद. मग मणी धुवायचे, दुधाच्या पावडरीत घोळवायचे, पंख्याखाली सुकवायचे. बुंदी पाडतात तसंच, फक्त तेल नाही आणि चव नाही.

थेंब पाडायला मी इंजेक्शनच्या सुया आणल्या. औषधवाल्याने एवढ्या सुया एकदम मागितल्यावर मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'घरी सगळं ठीक ना?' असं विचारलं. पहिले तीन दिवस मी मणी पाडले ते बेडकाच्या पिलांसारखे झाले, प्रत्येकाला शेपूट.

तेव्हा वत्सलाअक्का मागे उभ्या होत्या.

अक्का प्रयोगशाळेतली भांडी धुवायच्या. पिंपळनेरच्या, आमच्या पट्ट्याच्या पार पश्चिमेच्या. नवरा कधीचाच निघून गेला होता. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या. सहा वर्षं रोजंदारीवर होत्या आणि त्या वर्षी त्यांचं कायम व्हायचं ठरलं होतं. कायम झाल्यावर कारखान्याच्या आवारातली खोली मिळायची. ती खोली त्यांनी आधीच मनात मांडून टाकली होती. चूल या कोपऱ्यात, पेटी त्या कोपऱ्यात. दुपारी डबा खाताना मलाही ऐकवायच्या.

त्यांची एक सवय होती. नळी धुतली की खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा, आत बघायचं. मगच स्टँडवर उपडी. मी एकदा म्हटलं, "अक्का, नळी आहे, दुर्बीण नाही." त्या म्हणाल्या, "डाग उजेडातच दिसतो सायेब. अंधारात सगळ्याच नळ्या धुतलेल्या."

तर अक्का माझी बेडकं बघून म्हणाल्या, "सुई पान्याच्या लई जवळ धरी राहिनात तुम्ही. जरा वर घ्या. थेंबाले गोल होयाले जागा लागस."

"तुम्हाला काय माहीत?"

"मना बापनी बठ्ठा गावना लगनमा बुंदी पाडी. झारा हातभर वर धरस तो."

साऱ्या गावाच्या लग्नांत बुंदी पाडणाऱ्याची लेक सांगत होती; मी सुई वर घेतली. मणी गोल पडला. तेव्हापासून मणी अक्का पाडायच्या आणि अहवालात 'मी पाडले' असं मी लिहायचो. हा काही मोठा गुन्हा नाही, सगळ्या प्रयोगशाळांत चालतो. पुढचा मोठा होता, म्हणून हा छोटा आधी सांगून ठेवला.

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोन प्रकारच्या पुड्या गोडाऊनमध्ये ठेवल्या. एका प्रकारात उघडे जंतू, दुसऱ्यात मण्यांतले. दीड महिना पत्र्याखाली. काकाजी रोज गोडाऊनवरून जाताना आत डोकावून जायचे, जणू पाहुणे उतरलेत. जूनमध्ये पुड्या काढल्या.

जिवंत जंतू मोजतात कसे, तेही सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. चिमूटभर माल मिठाच्या पाण्यात हलवायचा आणि ते पाणी खळीसारख्या घट्ट खाद्याच्या ताटलीवर पसरायचं. ताटली उबेत ठेवली की एकेका जिवंत जंतूची पोरंबाळं वाढून तिथे डोळ्याला दिसेल असा ठिपका उठतो. एक ठिपका म्हणजे एक जंतू. ठिपके मोजले की झालं. मेलेला जंतू ठिपका देत नाही.

उघड्या जंतूंच्या ताटलीवर काही नव्हतं. ते अपेक्षितच होतं. मण्यांच्या ताटलीवर सव्वीस ठिपके होते.

कवच घालण्याआधी त्याच जंतूंची मोजणी कोटींत होती. सव्वीस. मी ताटली उलटी केली, सुलटी केली. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एकेक मणी बसलेला मला स्वच्छ दिसत होता. दिसला आणि मी तो सोडून दिला.

काकाजींना मी सांगितलं तेव्हा ते पाटावर बसून डाळ निवडणाऱ्या माणसासारखे शांत दिसत होते. "सगळे?"

"जवळजवळ सगळे."

"तुम्ही म्हणाला होतात मरणार नाहीत. मग कोणी मारले?"

आता इथे मी 'ठाऊक नाही, पुन्हा मोजून बघतो' असं म्हणायला हवं होतं. पाच शब्दांचं वाक्य आहे. पण चर्चासत्राला जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ते लवकर बाहेर पडत नाही. मी डोक्यात कारण शोधू लागलो, आणि कारण शोधताना माणूस नेहमी आपल्यापासून दूर बघतो. मला मोरीतला धुण्याचा सोडा आठवला. मी म्हणालो, "भांडी धुताना सोडा राहिला असण्याची शक्यता आहे."

अहवालातही 'शक्यता' असंच लिहिलं. हा शब्द लिहिणाऱ्याला वाचवतो. ज्याच्याविषयी लिहिला त्याला नाही.

काकाजींच्या मॅनेजरने अक्कांना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, मी मुद्दाम त्या वेळी गोडाऊनला काम काढलं होतं. एवढंच कळलं की कायम करायच्या यादीतून नाव गेलं आणि महिनाअखेरपर्यंतच यायला सांगितलं.

अक्का भांडल्या नाहीत. फेकायला काढलेल्या दोन्ही प्रकारच्या पुड्या मात्र त्यांनी मागून घेतल्या. मला वाटलं, म्हशीला घालतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन स्टीलचे डबे घेऊन आल्या. माझ्या टेबलावर ठेवले. एकाचं झाकण काढलं. आत दही होतं, असं की डबा तिरका केला तरी हललं नाही. दुसऱ्यात फाटलेलं, वास मारणारं दूध.

"एकमा मणीवाली पुडी टाकी," अक्का म्हणाल्या, "दुसरामा बिगर मणीवाली. दूध एकच, चूल एकच. मरेल व्हतं तं दही कसं लागनं, सायेब?"

वाचकहो, नीट बघा. एका बाईने घरच्या चुलीवर दोन डब्यांत तुलनेचा प्रयोग मांडला होता, बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली होती, आणि निष्कर्ष झाकण काढून दाखवला होता. मी पदव्युत्तर वर्गाला हे शिकवायला गेलो असतो तर अर्धं सत्र गेलं असतं. मी म्हणालो, "अक्का, घरच्या डब्याला आधीचं विरजण चिकटलेलं असतं. त्याने लागलं असेल."

 अक्का मला कळेल अशा शुद्ध मराठीत, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "डबेही मीच धुते साहेब. त्याच सोड्याने. मी धुतलेल्या भांड्यात सोडा राहतो म्हणता. मग त्या भांड्यात विरजण जगलं कसं?"

   मी म्हणालो, "अक्का, हे शास्त्र आहे. ते असं डब्यात नसतं."

"बठ्ठं जित्तं शे," त्या डब्याला झाकण लावत एवढंच म्हणाल्या. सगळं जिवंत आहे. महिना संपला तसं एक गाठोडं घेऊन पिंपळनेरच्या गाडीत बसल्या. शेवटच्या दिवशीही नळ्या उजेडात धरूनच ठेवल्या होत्या. मी त्यांच्यामागे त्या तपासल्या. तपासल्या, हे लिहिताना हात थांबतो, पण तपासल्या होत्या. एकीलाही डाग नव्हता.

प्रकल्प बंद पडला. काकाजी केळीच्या वेफर्सकडे वळले. केळं मेलेलंच असतं, त्यात पाप नाही, असं ते म्हणाले की मी मनात रचलं, आता आठवत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर कुठल्याशा कामाने मी एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसलो होतो. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात कवच घातलेल्या जंतूंवरचा एक लेख हाती लागला. कृतीच्या भागात, जिथे कुणी फारसं वाचत नाही तिथे, एक ओळ होती: मोजणीपूर्वी मणी फॉस्फेटच्या द्रावणात पूर्ण विरघळवून घ्यावेत.

मी ती ओळ चार वेळा वाचली. मणी विरघळवायचे असतात. मी विरघळवलेच नव्हते. साध्या मिठाच्या पाण्यात हलवून तसेच्या तसे ताटलीवर ओतले होते. अख्ख्या मण्यात लाखो जीव असले तरी ताटलीवर ठिपका एकच उठणार. धर्मशाळेत किती माणसं उतरलीत ते बाहेरून दारं मोजून सांगावं, तसं केलं होतं. सव्वीस जंतू नव्हते ते. सव्वीस मणी होते. आणि सव्वीसच्या सव्वीस जिवंत होते, म्हणून तर प्रत्येकाला ठिपका होता.

गोडाऊनमध्ये दीड महिना काढलेली, मोजणीसाठी आणलेली एक पुडी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला उरली होती. मी परतल्या परतल्या फॉस्फेटचं पाणी केलं, मणी विरघळवले, ताटल्या घातल्या. दोन दिवसांनी बघितलं तर ठिपके मोजता येईनात, एकमेकांना खेटून सगळी ताटली पांढरी झाली होती. आमची पद्धत चालली होती. अक्कांचे मणी उत्तम होते. जंतूंना इतकं सुरक्षित ठेवलं होतं त्यांनी की शोधायला बसलेल्या मूर्खालाही ते सापडले नाहीत.

ती ताटली घेऊन मी काकाजींकडे जायला हवं होतं, त्याच दिवशी. मी ती बादलीत टाकली आणि हात धुतले. मग रोज उठून ठरवायचं, आज सांगू. दिवाळी आली, म्हटलं सणात कशाला. दिवाळी गेली, म्हटलं आता वेफर्सचा मोसम आहे, काकाजी गडबडीत असतील. माझ्या स्वतःच्या अब्रूला मी असं कवच घातलं की त्यासाठी कुठल्या शेवाळाची पूड लागली नाही.

शेवटी गेलो. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटले. "म्हणजे जीव मेले नव्हते."

"नाही, काकाजी."

"माझ्या डोक्यावरचं एक ओझं गेलं, साहेब. वर्षभर प्रतिक्रमणाला, केलेल्या पापांची क्षमा मागायला बसलं की आठवायचं." मग डोळे उघडून म्हणाले, "जंतूंचं पाप उतरलं. बाईचं राहिलं, आणि ते माझ्या एकट्याचं नाही."

अक्कांची जागा भरली होती, खोलीही दुसऱ्याला गेली होती. अक्कांची चूक नव्हती असं पत्र लिहितो, मी म्हणालो. काकाजींनी त्यावर सही केली.

ते पत्र घेऊन मी एसटीने धुळ्याला, तिथून साक्रीवरून पिंपळनेरला गेलो. बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याची लेक म्हटल्यावर घर शोधावं लागलं नाही. अक्का घरी नव्हत्या, एसटी स्टँडजवळ भेटतील असं शेजारी म्हणाले. तिथे लिंबाखाली त्यांचं दही-ताकाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार मडकी, एक बाकडं, पाण्याची बादली, ओळीने उपडे घातलेले काचेचे पेले. बाकड्यावर तिघेचौघे ताक पीत बसले होते.

"सायेब, बसा," त्या म्हणाल्या. जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी हात पुसले, पण घेतलं नाही. "तुम्हीच वाचा. मोठ्यानी वाचा. ह्या बठ्ठा आपलाच लोक शेतस."

मी उभा राहून वाचू लागलो. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर महिला कर्मचाऱ्याच्या कामातील कथित त्रुटीबाबत पूर्वी नोंदविण्यात आलेले निरीक्षण..."

बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "अक्का, हाऊ कोर्टमाधून उना का?"

"नही आबा. हाऊ मना सायेब शे. शिकेल शे." अक्का माझ्याकडे वळल्या. "तो कागद बोली राहिना, सायेब. तुम्ही बोला ना."

मी कागद खाली घेतला. जळगावपासून इथवर मी बरंच काही जुळवत आलो होतो. फॉस्फेट, द्रावण, सव्वीस. ते सगळं मी कागदाबरोबर दुमडलं.

"अक्का," मी म्हणालो, "भांडी स्वच्छ होती."

 म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

"ते माले ठाऊक व्हतं," अक्का म्हणाल्या. "तुमले कव्हय समजनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. सराव होता. "दोन महिने झाले."

"आनि जयगावथीन आठे येवाले कितला येळ लागस?"

"दिवस लागतो."

त्यांनी मान हलवली, एखाद्या पोराने पाढा म्हणून दाखवल्यावर हलवावी तशी. दोन महिन्यांतून एक दिवस वजा करायला त्यांना माझी मदत नको होती. मग त्यांनी ओळीतला एक पेला उचलला. तो धुतलेलाच होता. माझ्यादेखत तो पुन्हा बादलीत बुडवला, घासला, दोनदा विसळला, आणि उन्हाकडे धरून एक डोळा मिटून आतून बघितला. मग तसाच धरलेला हात माझ्यापुढे केला. मीही बघावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

मी बघितलं. मग त्यांनी ताक ओतलं.